टिटनला येताय? मग मूसच्या वाटेवर जरा हळू

अमेरिकेत राहणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात येलोस्टोन-ग्रँड टिटनची ट्रिप काढणाऱ्या तमाम मराठी मंडळींना,

स. न. वि. वि.

मी सॉल्ट लेक सिटीत राहते. म्हणजे तुमच्यातले निम्मे लोक जिथे विमानातून उतरतात, भाड्याची एसयूव्ही घेतात, पाण्याचे क्रेट आणि कागदी प्लेटा डिकीत कोंबतात आणि पाचेक तासांत टिटनच्या पायथ्याचं जॅक्सन गाठतात, त्या गावात. गेली सोळा वर्षं मे महिना लागला की माझा फोन सुरू होतो, काकू चार दिवसांत काय काय होईल, काकू सासू-सासरे पहिल्यांदाच आलेत त्यांना झेपेल का, काकू मूस (ते लांब पायांचं अवाढव्य रानटी जनावर) नक्की कुठे दिसतो. मी सांगते. हौसेने सांगते, वाटेत खायला दशम्या पण बांधून देते. पण त्या तिसऱ्या प्रश्नाशी हल्ली मी अडखळते, आणि का अडखळते ते एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहून टाकावं म्हणून हे पत्र. लांबलंय, चहा घेऊन बसा.

गेल्या जूनमधली गोष्ट. मूस-विल्सन रोड म्हणून एक अरुंद रस्ता आहे, डोंगराच्या पायथ्याने जाणारा, बाजूला बीव्हरनी पाणी अडवून केलेली तळी. तिथे एक मूसची मादी पोटाला पाणी लागेल इतक्या पाण्यात उभी राहून तळातलं शेवाळ-गवत उपटून खात होती आणि काठावर विलोच्या झुडपात तिचं पिल्लू, तांबूस रंगाचं, दोन-तीन आठवड्यांचं असेल, नुसते पायच पाय. रस्त्यावर पंधरा-वीस गाड्या, निम्म्यांची दारं उघडी. मी पण थांबलेच होते, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात कुणाचे तरी बाबा म्हणाले, "अरे अजून पुढे जा ना, झूम करू नको, क्वालिटी जाते."

बघते तर दहा-अकरा वर्षांचा मुलगा, हातात फोन, आई आणि पिल्लू यांच्या बरोब्बर मधे निघालेला. मादीनं डोकं वर काढलं. हनुवटीखालून पाणी गळतंय, तोंडातून गवताची दोरी लोंबतेय, आणि तिचे कान हळूहळू मागे गेले. मानेमागे उंचवटा असतो ना तिथले केस उभे राहिले आणि ती जिभेनं ओठ चाटायला लागली. बघणाऱ्यांना वाटलं काय गोड! ज्यांना माहितीये त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण यापुढे ती धावून येते आणि पुढच्या पायांनी तुडवते. मी ओरडले, "बाळा, मागे ये! हळूहळू मागे ये!" तो मूसला अजिबात घाबरला नव्हता, पण त्या रानात अचानक कोणीतरी मराठीत ओरडलं म्हणून असा काही दचकला की थेट गाडीपाशी येऊन थांबला. त्याची आजी मला म्हणाली, "अहो म्हशीसारखीच तर आहे, गरीब वाटते बिचारी."

गरीब वाटते हे खरंय. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं होतं हा घोडा आहे का उंट. खरं तर तो हरणाच्या कुळातला, आपल्या सांबराचा लांबचा भाऊ म्हणा. वायोमिंगमधल्या या जातीला शायरस मूस म्हणतात, उत्तर अमेरिकेतल्या मूसमध्ये ही सगळ्यात लहान, आणि लहान म्हणजे किती तर खांद्यापाशी माझ्याहून उंच आणि मादीचं वजन तीनशे-साडेतीनशे किलो. नर त्याहून जड. इतकं मोठं जनावर रस्त्याच्या कडेला निवांत चरताना दिसलं की आपल्याला वाटतं असे पुष्कळ असतील, पार्कवाल्यांनी ठेवलेच असतील. तर नाहीयेत. जॅक्सनचा जो मूसचा कळप आहे (कळप हा हिशोबाचा शब्द, हे जनावर एकेकटंच राहतं) तो 1980-90च्या सुमारास तीन हजारांच्या वर होता. आता काहीशेवर आलाय. शिकारीचे परवाने एके काळी शेकड्यांनी निघायचे, ते कमी कमी करत हातावर मोजण्याइतके राहिले, तरी आकडा काही वर सरकेना. म्हणजे तुम्ही चार दिवसांच्या ट्रिपमध्ये तीन मूस बघितले तर त्या काहीशेतले तीन बघितलेत.

आता खरा मुद्दा. जूनमध्ये तुम्हाला जो मूस तळ्यात दिसतो तो त्या तळ्यावर राहणारा असेलच असं नाही. काही असतात बारमाही तिथलेच, पण बरेचसे येऊन-जाऊन असतात. उन्हाळा वर, येलोस्टोनच्या दक्षिणेचं जे रान आहे टिटन विल्डरनेस वगैरे, तिकडे काढायचा. मग ऑक्टोबरात बर्फ पडायला लागतं, पण हे लोक (मला जनावरांना लोक म्हणायची सवय आहे, सोडून द्या) लगेच निघत नाहीत, पाय लांब असल्यामुळे मांडीभर बर्फातही त्यांचं चालतं. एल्क आणि म्युल डिअर केव्हाच खाली गेलेले असतात आणि मूस आपला वरच. बर्फ पार पोटाला लागायला लागलं, चालण्यातच सगळी ताकद जायला लागली की मग उतरतात, बफेलो व्हॅलीत, स्नेक नदीच्या काठाला, ग्रो व्हाँट नदीच्या आसपास (स्पेलिंग बघून ग्रॉस व्हेंटर म्हणू नका, तिथले लोक हसतात). खाली काय असतं तर विलोच्या काड्या. पानं नाहीत, नुसत्या काड्या. आणि अँटेलोप फ्लॅट्सच्या माळावर बिटरब्रश नावाचं झुडूप, त्यासाठी डिसेंबरात तिथे एका वेळी वीस-पंचवीस मूस बर्फात बसलेले दिसतात, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. अख्खा हिवाळा काड्या चावून अंगावरची चरबी पुरवून पुरवून वापरायची आणि मेमध्ये बर्फ वितळत वर सरकलं की त्याच्या मागे मागे परत वर जायचं. कारण नुकतं फुटलेलं पान सगळ्यात पौष्टिक, आणि ते खालून वर अशा क्रमाने फुटत जातं, आज या उंचीवर, आठवड्याने त्याच्या वर. शास्त्रज्ञ याला ग्रीन वेव्ह म्हणतात, हिरवी लाट.

ही वाट कोण दाखवतं? मला वर्षानुवर्षं वाटायचं की हे रक्तातच असणार, पक्ष्यांचं कसं असतं तसं. 2018 मध्ये वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या ब्रेट जेस्मर आणि मंडळींनी 'सायन्स'मध्ये एक पेपर छापला. त्यांनी रानमेंढ्या आणि मूस यांना जीपीएसचे पट्टे लावून बघितलं, जुन्या जागी पिढ्यान्पिढ्या राहणारे कळप आणि माणसांनी उचलून नव्या जागी नेऊन सोडलेले कळप. जुने कळप व्यवस्थित स्थलांतर करत होते. नव्या जागचे बहुतेक होते तिथेच बसून राहिले, वर हिरवं पान फुटलंय हे त्यांना माहितीच नाही. मग हळूहळू एकेक जण थोडं थोडं शोधत गेला, आयांनी पिल्लांना नेलं, त्या पिल्लांनी त्यांच्या पिल्लांना, आणि असं करत करत बहुतेक सगळा कळप जायला यायला लागेपर्यंत मेंढ्यांना चाळीसेक वर्षं लागली. मूसना? नव्वदच्या आसपास.

नव्वद वर्षं. तुमच्या पणजोबांनी शोधायला सुरुवात केली आणि वाट तुम्हाला सापडली असं झालं हे. ते रक्तात नाहीये, ते शिकवलेलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते आमच्याकडचे धनगर. माझं माहेर फलटण तालुक्यातलं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जायला निघायचे, घोड्यावर संसार, घोड्यावरच्या जाळीत बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं, पुढे एखादी म्हातारी. आमच्या रानात दोन रात्री मेंढ्या बसवायचे, खत व्हायचं, आजोबा त्यांना ज्वारी द्यायचे. मी एकदा त्यातल्या आजीला विचारलं होतं तुम्हाला रस्ता कसा माहीत, तर ती म्हणाली, "आय मागनं चाललो व्हतो की." बास. कोणत्या विहिरीचा मालक पाणी भरू देतो, कुठल्या गावची कुत्री वाईट, ओढा कुठे ओलांडायचा, सगळं आईच्या मागे चालून. मग एका वर्षी मधल्या माळावर प्लॉटिंग झालं, तारेचं कुंपण पडलं आणि वाडा हायवेने वळसा घालून निघाला. त्या रात्री ट्रकखाली मेंढ्या गेल्या, किती ते आठवत नाही, पण आजोबा सकाळी चहा न घेता बाहेर पडले होते ते आठवतं. पुढच्या वर्षी ते लोक आमच्या रानात आलेच नाहीत. कुठून गेले काय माहीत.

तर आता फेब्रुवारीतलं सांगते. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी एक दिवस स्थानिक लोक मिळून मूस मोजतात, प्रत्येकाला एकेक पट्टा वाटून दिलेला, बर्फातून चालायचं आणि दिसले तर नोंद करायची. मी दोनदा गेलेय. पायाची बोटं बधिर होतात आणि दिवसभरात दोन किंवा तीन दिसतात, कधी शून्य, शून्य पण लिहायचं असतं. दुसऱ्या वेळी मोजणी संपवून विल्सनकडून जॅक्सनला येत होते, हायवे 22, संध्याकाळचे साडेसहा, अंधार पडत आलेला. पुढे गाड्या थांबलेल्या, निळे-लाल दिवे. मादी होती. रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली, पाय इतके लांब की पांढऱ्या पट्टीच्या आत आलेले. ज्या मुलाची गाडी होती तो बर्फाच्या ढिगावर ब्लँकेट गुंडाळून बसला होता, केसांत काचा, हात थरथरतायत. चुकीचं काहीच केलं नव्हतं त्याने, लिमिटमध्येच होता म्हणे, कामावरून घरी चालला होता. तो परत परत एकच सांगत होता की मला दिसलीच नाही.

आणि खोटं नव्हतं ते. मूसचं अंग काळपट, प्रकाश पिऊन टाकणारं. हरणाचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात म्हणून आपण सावध होतो, मूसचं डोकं इतकं वर असतं की लो बीम खालूनच निघून जातो, डोळे चमकतच नाहीत. आणि पाय लांब असल्यामुळे बंपर पायांना लागतो आणि ते तीन-चारशे किलोचं धड बॉनेटवरून थेट काचेवर येतं. स्वीडनमध्ये यासाठी गाड्यांची खास परीक्षा घेतात, अचानक वळसा घालून परत लेनमध्ये यायचं, 1997 साली मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास त्यात उलटी झाली होती आणि मग कंपनीला गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्याव्या लागल्या. तो मुलगा वाचला हे नशीब.

पण मी बघत होते ते दुसरीकडेच. विलोच्या झुडपांपाशी तिचं पिल्लू उभं होतं, नऊ महिन्यांचं, म्हणजे तट्टाएवढं, पण पिल्लूच. दोन पावलं पुढे यायचं, दिवे बघून परत झुडपात, परत दोन पावलं. पोलिसाने टॉर्च हलवून हाकललं तर थोडं लांब जाऊन उभं राहिलं. घरी येताना गाडीत हिशोब करत बसले. हे मेअखेर जन्मलं असणार, वर कुठेतरी. डिसेंबरात आईच्या मागे एकदा खाली उतरलं. वर जायची वेळ मेमध्ये येणार होती, तेव्हा आई त्याला घेऊन गेली असती, नवं बाळंतपण जवळ आलं की मग हाकलून दिलं असतं, जा आता तुझं तू बघ. खाली उतरायची वाट ते एकदा चाललंय. वर जायची कधीच नाही. त्या रात्री एक मूस मेला अशी नोंद झाली असेल, माझ्या हिशोबाने पुढच्या कित्येक पिढ्यांची वाट गेली.

आता तुमच्यातले काही म्हणतील, अहो काकू, गाड्यांनी काय तीन हजारांचे काहीशे झाले का? नाही झाले, आणि हे मीच सांगते कारण अर्धवट सांगणं मला आवडत नाही. 1988 च्या उन्हाळ्यात येलोस्टोन पेटलं, पार्कचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग त्या आगींत आला आणि दक्षिणेकडचं, मूसच्या उन्हाळी मुक्कामाचं जुनं दाट जंगलही जळलं. दाट जंगल मूसला फक्त खायला लागतं असं नाही, सावलीला लागतं. या जनावराचा कोट असा आहे की उन्हाळ्यात 14 डिग्री सेल्सिअसच्या वर गेलं की त्याला उकडायला लागतं, हिवाळ्यात तर उणे 5 सुद्धा गरम! आपण स्वेटर शोधतो त्या हवेत तो धापा टाकतो. जळालेल्या भागात उन्हाळा काढणाऱ्या माद्या कमी धष्टपुष्ट असतात असं पुढे अभ्यासात दिसलं, आणि अंगावर चरबी नसेल तर पिल्लं कमी, जुळी तर त्याहून कमी. मग 1995-96 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून येलोस्टोनमध्ये सोडले, ग्रिझली अस्वलंही वाढली, ती नवजात पिल्लांवर टपलेलीच असतात. जॅक्सनमध्ये कुठल्याही पबात बसा, पाच मिनिटांत कोणीतरी सगळं खापर लांडग्यांवर फोडतो. मला ते पटत नाही, लांडगे आणायच्या आधीच आग लागली होती. शिवाय घोडमाश्यांतून पसरणारा एक जंत आहे, तो मानेच्या धमनीत जाऊन बसतो. आणि गोचिडी. हिवाळी गोचिडी ही काय चीज आहे ते मेन आणि न्यू हॅम्पशायरवाल्यांना विचारा, तिकडे एकेका पिल्लावर हजारोंनी असतात, पिल्लू एप्रिलपर्यंत रक्त जाऊन जाऊन मरतं, आणि जे वाचतात ते झाडाला अंग घासून घासून पांढरे पडतात, भूत मूस म्हणतात त्यांना. एप्रिलमध्ये जमिनीवर बर्फ असेल तर अंगावरून गळलेल्या गोचिडी त्यात मरतात, हल्ली तेव्हा बर्फ असेलच याची खात्री नाही. मिनेसोटात 2006 मध्ये अंदाजे 8,840 मूस होते, 2013 मध्ये 2,760, त्या वर्षी शिकार बंदच करून टाकली. म्हणजे हे फक्त आमच्याकडचं दुखणं नाही.

मग गाड्यांचं एवढं काय? तर आग तुम्ही-मी विझवू शकत नाही, अस्वलाला समजावू शकत नाही, हवा थंड करू शकत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय मात्र आपला स्वतःचा आहे. शिवाय गाडी आजारी-म्हातारं बघून धडकत नाही. लांडगा थकलेली मादी आधी पकडेल, गाडीखाली धडधाकट, पोटुशी, वाट माहीत असलेली मादीही जाते. कळप मोठा असताना चार गेल्या तर निभावतं, आता नाही निभावत.

आणि जागेचं गणित बघा. त्या टिटन काउंटीची 97 टक्के जमीन सरकारी आहे, आपल्याला वाटतं केवढं रान! पण उरलेली तीन टक्के खासगी जमीन कुठे आहे तर दरीच्या तळाशी, नदीकाठी, जिथे बर्फ कमी आणि विलो जास्त. म्हणजे बरोब्बर मूसच्या हिवाळ्याच्या घरात. तिथेच गाव, तिथेच स्की रिसॉर्टला जाणारा 390 नंबरचा रस्ता, तिथेच हायवे 22, तिथेच तुमचा एअरबीएनबी. लोकांना कळत नाही असं नाही. 2019 मध्ये तिथल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेऊन प्राण्यांना रस्ता ओलांडायच्या वाटांसाठी एक कोटी डॉलर मंजूर केले. आणि अशा वाटा चालतात, वायोमिंगमधल्याच पाइनडेलजवळ ट्रॅपर्स पॉइंटला 2012 मध्ये दोन पूल आणि सहा भुयारी मार्ग बांधले, आता प्राँगहॉर्न (हरणासारखं जनावर) पुलावरून रांगेत जातात, खालून ट्रक. पण प्रत्येक वळणावर पूल बांधणार कोण. बाकीच्या रस्त्यावर आपणच आहोत, टिटन पार्कला दरवर्षी तीस लाखांहून जास्त भेटी होतात आणि त्यात आपली मंडळी काही कमी नसतात, स्नेक नदीच्या ऑक्सबो बेंड वळणावर पहाटे उभं राहिलं तर चारात एक "ए ट्रायपॉड आण" ऐकू येतंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अंधारात गाडी हळू. पार्कमधल्या मुख्य हायवेला दिवसा ताशी 55 मैल आणि रात्री 45 असं लिमिट आहे, ते 45 कोणी पाळत नाही, मागचा हेडलाइट मारतो आणि आपण लाजेनं वाढवतो. नका वाढवू, बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. लो बीममध्ये साधारण दीडशे-दोनशे फूट पुढचं दिसतं आणि 55 ला गाडी पूर्ण थांबायला त्याहून जास्त लागतं, म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. येलोस्टोन बघून रात्री नऊला निघून जॅक्सनच्या हॉटेलला पोचू, मुलं मागे झोपतील, हा जो आपला आवडता प्लॅन आहे ना, तो बदला. वाटेतला मोरानच्या आसपासचा, बफेलो फोर्क नदीचा पट्टा रात्री ओलांडायची वेळच आणू नका, वर मुक्काम करा, महाग पडलं तर एक दिवस कमी करा पण रात्रीचं नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळी अस्पेन बघायला येणाऱ्यांनी तर जास्तच, तेव्हा नरांचा माजाचा काळ असतो, संध्याकाळी डोकं फिरल्यासारखे रस्ता ओलांडतात, आणि एक गेला म्हणून लगेच गाडी पुढे काढू नका, मागून दुसरा असतो. मादीमागे पिल्लू तर असतंच असतं.

अंतराचं सांगायचं तर नियम 25 यार्डांचा आहे, अस्वल आणि लांडग्याला 100. 25 यार्ड म्हणजे आपल्या भाषेत दोन एसटी एकामागे एक उभ्या करा, तेवढं. त्याच्या आत ती तुमच्याकडे बघायला लागली, खायची थांबली, की तुम्ही जास्त जवळ आहात, अंतर मोजत बसू नका, मागे या. आणि आलीच अंगावर तर अस्वलाचे नियम विसरा, सरळ पळा, झाडाआड जा, गाडीआड जा. रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून दारं उघडी टाकणं हे मात्र आपल्याच लोकांचं नाही, सगळ्या जगाचं आहे, पण आपण सुरुवात करू बंद करायला. तळ्यातून वर यायची तिची वाट तुमच्या दोन गाड्यांच्या मधून असते.

हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्यांसाठी, थोडक्यात. काड्या खाऊन जगणाऱ्या पोटाला सफरचंद, पोळी, ब्रेड पचत नाही, पोटात आम्ल होऊन जनावर मरतं, कितीही केविलवाणं बघितलं तरी देऊ नका. गाडीवरचं मीठ चाटायला आला तर हॉर्न वाजवून गाडी काढा, नाहीतर त्याला रस्त्याचीच चटक लागते. आणि पार्क सिटी, बॉयझी, आयडाहो फॉल्समध्ये घरं घेतलेल्यांनो, अंगणात जपानी यू लावू नका, दिसायला छान, हिवाळ्यात हिरवं राहतं म्हणून नर्सरीवाला गळ्यात मारतो, पण त्याच्या दोन-चार फांद्यांत अख्खं मूस आडवं होतं. माझ्या बागेत घर घेतलं तेव्हाच होतं, मी दुसऱ्या वर्षी मुळासकट काढलं, कंबर धरली ती वेगळी.

डेन्व्हरवाले म्हणतील आमच्याकडे तर मूस वाढतायत. बरोबर आहे, पण ते कुठून आले माहितीये का, 1978-79 मध्ये यूटा आणि वायोमिंगमधून दोन डझन उचलून तुमच्या नॉर्थ पार्कात सोडले होते, सुरुवात त्यांच्यापासून झाली. म्हणजे आमच्याकडूनच नेलेत, जपा.

तर या. नक्की या, घाबरवायला लिहिलं नाहीये. सॉल्ट लेकला उतरलात तर पिठलं-भात खाऊन जा, पण दुपारी बारानंतर मी कोणाला जॅक्सनला सोडत नाही हे आत्ताच सांगून ठेवते, कारण वाटेत दोनदा थांबता तुम्ही आणि पोचेपर्यंत अंधार करता.

तुमची,
सॉल्ट लेकची काकू

ता. क. : त्या मूस-विल्सन रोडवरच्या मुलाने नंतर माझ्याकडून नंबर घेऊन फोटो पाठवला. झूम करून काढलेला. तळं हिरवं, मधे एक तपकिरी डाग, त्याच्या मागे अर्धा लपलेला एक लहान तांबूस डाग. क्वालिटी गेलीय, त्याच्या बाबांचं बरोबर होतं. फ्रिजवर लावलाय मी तो.